मानेला दिलेला झटका आणि कलम ६९ची दोन वर्षं

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. अशा आशयाची पत्रं हल्ली वरचेवर येतात. कधी कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके दाबून-फिरवून उपचार करणारं) केंद्र असतं, कधी ‘मान मोकळी करून देतो’ म्हणणारं सलून, कधी हाडं बसवणारे. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतो आहे.

हकीकत अशी. वाचकांच्या पत्नीची (वय ३८) मान आणि डोक्याची मागची बाजू आठवडाभर दुखत होती. ६ जून २०२४ला गंगापूर रोड भागातल्या एका केंद्रात त्यांची मान दोन्ही बाजूंना झटका देऊन फिरवली गेली. दीड हजार रुपये वाचकांनी आपल्या मोबाइलवरून भरले. त्याच संध्याकाळी चक्कर सुरू झाली. केंद्राला व्हॉट्सअ‍ॅप केलं तर ‘नॉर्मल आहे, दोन दिवसांनी पुढच्या सिटिंगला या’ असं उत्तर आलं. ८ जूनला पहाटे उलट्या, जीभ जड, चालताना डावीकडे तोल. ९ जूनच्या सीटी अँजिओग्राफीत डाव्या व्हर्टिब्रल धमनीचं (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं) डिसेक्शन, म्हणजे आतलं अस्तर फाटणं, आणि एमआरआयमध्ये लहान मेंदूत इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला भाग, निघाला. त्यानंतर केंद्राचे मालक ‘खर्चाचं बघू’ म्हणत राहिले. मार्च २०२५मध्ये दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. वाचक विचारतात: केंद्राच्या संमतीच्या फॉर्मवर सही केली आहे, तरी केस चालेल का? मालक दोन लाख द्यायला तयार आहेत, घ्यावेत का? आणि प्रमाणपत्र मार्च २०२५चं आहे, म्हणजे मार्च २०२७पर्यंत वेळ आहे ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर बाकीची उत्तरं वाचण्यात अर्थ नाही. मार्च २०२७पर्यंत वेळ नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९प्रमाणे तक्रार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं हाच सगळा खेळ आहे. वैद्यकीय हलगर्जीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने व्ही. एन. श्रीखंडे विरुद्ध अनिता सेना फर्नांडिस (२०१०) या प्रकरणात नियम स्पष्ट केला आहे. इजा लगेच उघड झाली असेल, तर मुदत त्या कृतीच्या दिवसापासून मोजायची. इजा लपलेली असेल, तर ती कळली त्या दिवसापासून, किंवा साधारण दक्षता घेतली असती तर कळली असती त्या दिवसापासून. त्या प्रकरणात शस्त्रक्रिया १९९३ची होती, पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा तुकडा) २००२मध्ये निघाला आणि तक्रार २००४मध्ये झाली. तक्रारदार स्वतः परिचारिका होत्या. नऊ वर्षं दुखत असताना चौकशी का केली नाही, असं विचारून न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. ‘कळल्यापासून दोन वर्षं’ या आधारावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावं.

तुमच्याकडे तर इजा लपलेली नव्हतीच. चक्कर त्याच संध्याकाळी आली आणि तिसऱ्या दिवशी निदान कागदावर आलं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र इजा किती राहिली ते सांगतं, इजा कधी झाली ते सांगत नाही. नुकसानभरपाईच्या आकड्यासाठी ते मोलाचं आहे, मुदतीसाठी निरुपयोगी. कडक हिशेब केला तर मुदत ६ जून २०२६ला संपते आणि तो शनिवार आहे. अगदी सोयीचा हिशेब धरला तरी ९ जून. तीन दिवसांच्या या फरकावर कोणतीही केस उभी करू नका. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दाखल करता येतं, हा नियमही स्वतःवर आजमावू नका. तक्रार २२ मेच्या आत गेली पाहिजे, कारण छाननीत त्रुटी निघतात आणि त्या दुरुस्त करायला वेळ लागतो. ई-जागृती पोर्टलवर दाखल केलीत तर पोचक्रमांकाचा कागद त्याच दिवशी काढून ठेवा.

आता थोडं स्पष्ट बोलतो. दोन वर्षं तुम्ही मालकांच्या तोंडी शब्दावर काढलीत. ‘बघू’ या शब्दाने मुदत थांबत नाही. नोटीस पाठवल्याने थांबत नाही, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्याने थांबत नाही, एकमेकांना पत्रं लिहित राहिल्यानेही नाही. समोरच्या पक्षाला हे तुमच्याआधी ठाऊक असतं. म्हणूनच असं घोंगडं भिजत ठेवलं जातं. मालकांनी खर्च देण्याचं लेखी, सहीनिशी कबूल केलं असेल तर मुदत कायद्याच्या कलम १८चा मुद्दा जोडता येईल. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघू’ने तो कितपत टिकेल याची मला शंका आहे.

आणि समजा ६ जून उलटून गेलाच, तर कलम ६९(२)खाली विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा लागतो, प्रतिज्ञापत्रासह. त्यात ‘मालक देतो म्हणाले’ हे कारण पुढे करू नका. पत्नीचं आजारपण, गिळता येत नव्हतं म्हणून लावलेली नळी, फिजिओथेरपीच्या तारखा, तुमची कामावरच्या गैरहजेरीची पत्रं, जे खरोखर घडलं असेल ते तारखेवार लावा. माफी देणं ग्राहक आयोगाच्या मर्जीवर आहे आणि दिली तरी त्या आदेशाविरुद्ध समोरचा पक्ष वर जाऊ शकतो. तेवढ्यात वर्ष जातं. वेळेत दाखल करणं हाच स्वस्त मार्ग आहे.

तक्रारदार कोण, हेही आत्ताच नीट ठरवा. एकट्या पतीने तक्रार करायची आणि मग ‘उपचार यांच्यावर झालेच नाहीत’ असा आक्षेप ओढवून घ्यायचा, हे टाळता येतं. पैसे तुम्ही भरलेत म्हणून तुम्ही ग्राहक. सेवेचा लाभ पत्नीने घेतला म्हणून त्याही ग्राहक. दोघांची नावं घाला. प्रतिज्ञापत्रावर सही पत्नीचीच हवी. सामनेवाल्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्यात, केंद्राच्या पाटीवरचं नाव पुरत नाही. मालक, भागीदारी किंवा कंपनी जे असेल ते, आणि ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष मान फिरवली ती, अशी सगळी नावं पहिल्या दिवशी लिहा. मागाहून जोडलेल्या पक्षाविरुद्ध तक्रार तो जोडला गेला त्या दिवशी दाखल झाली असं धरलं जातं, आणि तोवर त्याच्यापुरती मुदत संपलेली असते. नाव माहीत नसेल तर पावती, युपीआय व्यवहारातलं खातेदाराचं नाव, महापालिकेतली दुकान-आस्थापना नोंद, जीएसटी क्रमांक इथून ते काढता येतं. हे काम आठवड्यात संपवा.

आयोग नाशिकचाच. कार्यक्षेत्र तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे येतो, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असला की शुल्क लागत नाही. तुमचा मोबदला दीड हजार. फॉर्मवर ‘वाद फक्त पुणे न्यायक्षेत्रात’ असं छापलेलं आहे म्हणता. छापू द्या. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याचा हक्क कलम ३४ने दिला आहे.

फॉर्मविषयी लोकांना वाटते तेवढी भीती मला वाटत नाही. ‘कोणत्याही इजेस केंद्र जबाबदार नाही’ या वाक्यावर सही करणं म्हणजे उपचाराला संमती. निष्काळजीपणाला संमती देता येत नाही. ‘तक्रार ३० दिवसांत न केल्यास हक्क संपेल’ हे वाक्य तर भारतीय करार कायद्याच्या कलम २८प्रमाणे निरर्थक आहे. पण एक सावधगिरी बाळगा. तक्रारीत ‘हा करार अनुचित ठरवावा’ अशी स्वतंत्र मागणी घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्या एका ओळीवरून तुमची अख्खी तक्रार परत करावी असा अर्ज येऊ शकतो. फॉर्मला उत्तर म्हणून एवढंच लिहा: धोका समजावून सांगितला नाही, फॉर्म इंग्रजीत होता, रिसेप्शनवर टॅबवर सही घेतली. यातलं जे खरं असेल तेवढंच.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या सामीरा कोहली (२००८) या निकालाचा आधार घेता येतो: उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही. मात्र त्याच निकालात अगदी दुर्मीळ धोके सांगण्याचं बंधन नाही असंही म्हटलं आहे, आणि समोरचे वकील तेच वाचून दाखवतील. त्यावर तुमचं उत्तर वैद्यकीय असायला हवं, म्हणून ती बाजू नीट समजून घ्या.

व्हर्टिब्रल धमन्या दोन असतात. मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत त्या मणक्यांच्या बाजूच्या हाडातल्या छिद्रांमधून वर जातात, पहिल्या मणक्यावरून वळसा घेतात आणि कवटीत शिरतात. मान वळण्याचं जवळपास निम्मं काम पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं, त्यामुळे मान झटक्यात पिळली की ताण नेमका त्या वळशाजवळ येतो. आतलं अस्तर फाटलं की रक्त धमनीच्या भिंतीतच शिरतं, जुन्या रबरी पाइपचं आतलं अस्तर सुटून वाट अडवावी तसा मार्ग अरुंद होतो आणि तिथे गुठळी धरते. ती सुटून लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात गेली की स्ट्रोक. यात काही तास जातात, काही दिवसही जाऊ शकतात. ‘पेशंट इथून चालत गेली’ या बचावाला उत्तर हे आहे.

त्यांचा खरा बचाव वेगळा असेल आणि तो पोकळ नाही. डिसेक्शन आपोआपही होतं. मानदुखी आणि डोक्याच्या मागचं दुखणं हीच बहुधा त्याची पहिली लक्षणं असतात. म्हणजे धमनी आधीच फाटलेली होती, म्हणून मान दुखत होती, म्हणून पेशंट आमच्याकडे आली, असं ते म्हणतील. कॅनडातल्या ऑन्टारिओत २००८मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असंच दिसलं होतं: अशा स्ट्रोकच्या रुग्णांचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी जसा आढळतो, तसाच साध्या डॉक्टरच्या भेटीशीही. हा अभ्यास समोरून येणारच. त्याच्यासमोर अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०१४चं निवेदन ठेवा. मान फिरवण्याने डिसेक्शन होतं हे सिद्ध झालेलं नाही, असं तेही म्हणतं. पण संबंध आढळतो, म्हणून उपचार करणाऱ्याने डिसेक्शनची शक्यता आधी विचारात घ्यावी आणि रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी, असंही स्पष्ट सांगतं.

म्हणून तक्रारीत दोन पर्याय शेजारी शेजारी मांडा. धमनी आधी शाबूत होती, तर झटक्याने फाटली. आधीच फाटलेली होती, तर आठवडाभराची नवी मानदुखी आणि डोक्यामागचं दुखणं ऐकूनही काही न विचारता तिला झटका दिला, हा त्याहून मोठा दोष. मान फिरवण्यापूर्वी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: दुखणं अचानक सुरू झालं का, असं पूर्वी कधी दुखलं होतं का, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, चेहऱ्याची एक बाजू बधिर, हे काही आहे का, अलीकडे ताप किंवा अपघात झाला का. यातलं काही विचारल्याची नोंद त्यांच्या कागदावर आहे का, ती मागा. नसेल तर नसल्याचं तक्रारीत लिहा. आणि संध्याकाळचा ‘नॉर्मल आहे’ हा निरोप वेगळ्या परिच्छेदात घ्या. मान फिरवल्यानंतर चक्कर आली असताना ‘लगेच रुग्णालयात जा’ असं सांगितलं नाही, ही सेवेतली स्वतंत्र त्रुटी आहे. धमनी आधी फाटली की नंतर, या वादाचा तिच्यावर परिणाम होत नाही. माझ्या मते तुमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम परिच्छेद हाच.

आणि तोच निरोप तुम्ही मोबाइल बदलताना घालवलात! तुमच्या वहिनींकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे, हे नशीब. जुना हँडसेट विकला नसेल तर तो आजपासून बंद करून जपून ठेवा, रीसेट करू नका. क्लाऊड बॅकअप शोधा. केंद्राने उत्तर ज्या क्रमांकावरून दिलं तो क्रमांक स्क्रीनशॉटमध्ये दिसतो का, ते पाहा. नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर त्याची किंमत घटते. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, एक तुमच्या सहीचा आणि एक तज्ज्ञाच्या, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहावं लागतं. आयोग पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेला नाही, तरी आक्षेपाला जागा कशाला ठेवायची. केंद्राच्या ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणणाऱ्या रील्सही तारखेसह उतरवून घ्या. तक्रारीची कुणकुण लागली की त्या उडवल्या जातात.

दुसरी चूक रुग्णालयाच्या कागदावर आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘मानेला मालिश केल्याची पार्श्वभूमी’ असं लिहिलं आहे. दाखल करताना संकोचाने ‘मालिश’ सांगितलं गेलं असेल, पण मालिश आणि झटका यांत ही केस हरण्याइतकं अंतर आहे. कार्ड बदलून घेण्याच्या नादी मुळीच लागू नका. खाडाखोड झालेला कागद सामनेवाल्यांच्याच कामी येतो. संपूर्ण इनडोअर केस पेपर मागा, विशेषतः आकस्मिक विभागातली पहिली नोंद आणि न्यूरोलॉजिस्टने स्वतः घेतलेली हकीकत. तिथे बहुधा अधिक नेमकं लिहिलेलं असतं. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२च्या नियमांप्रमाणे लेखी मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. म्हणजे जून २०२७पर्यंत. अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

सीटी आणि एमआरआयच्या फिल्म पुरेशा नाहीत, मूळ डिजिटल फाइल्सची सीडी घ्या. याचं कारण महत्त्वाचं आहे. फाटलेली धमनी पुष्कळदा काही महिन्यांत भरून येते. आज नवीन अँजिओग्राफी केली तर ती स्वच्छ दिसू शकते आणि सामनेवाले ती हसत हसत दाखल करून घेतील. भिंतीत साठलेल्या रक्ताची चंद्रकोर जून २०२४च्या एमआरआयमध्ये दिसत असेल, तर ती किती ताजी होती यावर न्यूरोरेडिओलॉजिस्ट मत देऊ शकतो. आधी फाटली की नंतर, या वादात त्याहून जवळचा पुरावा तुमच्याकडे दुसरा नाही. व्ही. किशन राव (२०१०) निकालाप्रमाणे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, आणि त्यासाठी दाखल करणं लांबवू नका. पण या प्रकरणात ते पुढे लागेलच. खाजगी डॉक्टर तयार होत नसतील, तर कागद शासकीय वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज आयोगाला द्या.

मान फिरवणाऱ्याची पात्रता तुम्ही विचारलीच नाहीत. आता विचारा. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेत नोंद हवी, डॉक्टर असेल तर त्याच्या पद्धतीच्या परिषदेत. काहीच नसेल आणि पाटीवर ‘डॉ.’ असेल, तर पूनम वर्मा (१९९६) निकाल उपयोगी पडेल. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणं हीच निष्काळजी, असं त्यात म्हटलं आहे. तो निकाल होमिओपॅथने ॲलोपॅथी वापरल्याचा होता. इथे कितपत लागू होईल ते त्या व्यक्तीचं प्रमाणपत्र पाहिल्यावरच सांगता येईल.

फौजदारी बाजू थोडक्यात. घटना १ जुलै २०२४च्या आधीची, म्हणून भारतीय न्याय संहिता लागू नाही, जुनं भारतीय दंड विधान लागू. कलम ३३८, गंभीर दुखापत, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. जेकब मॅथ्यू (२००५) निकालामुळे डॉक्टरविरुद्ध कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. नोंदणी नसलेल्या माणसाला ते संरक्षण मिळतं का, यावर वाद होऊ शकतो. पोलिसांत अर्ज द्यायचा तर द्या, पण त्याच्या निकालाची वाट पाहत ग्राहक तक्रार थांबवू नका.

किती काळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने. सामनेवाल्यांना लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५, आणि ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये ठरवलं आहे. तरीही तारखा पडत राहतात आणि प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. जिला बोलायला आणि चालायला त्रास होतो त्या बाईला दर तारखेला जिने चढायला लावणं अन्यायाचं आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची परवानगी पहिल्याच तारखेला मागा. निदान ४५ दिवसांची मर्यादा उलटली की त्याच दिवशी ‘म्हणण्याशिवाय पुढे चालवा’ असा अर्ज द्या. तो तुम्ही दिला नाहीत तर कोणी देणार नाही.

दोन लाखांबद्दल. रुग्णालयाचं बिल, बुडालेला पगार, मदतनीस, पुढची फिजिओथेरपी यांची बेरीज आधी करा, मग ठरवा. घ्यायचे असतील तर बँकेतून घ्या आणि पावतीवर ‘उपचारखर्चापोटी, पुढील सर्व हक्क राखून’ असं लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेल्या कागदावर पत्नीची किंवा तुमची सही होता कामा नये. पैसे देतो पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या, असं मालक म्हणाले, तर पैसे राहू द्या आणि तक्रार दाखल करा.